माशांच्या दोन फुटी टाकीच्या मागच्या बाजूला गवतासारखी उंच, कमी कटकटीची कोणती वनस्पती लावू? (कोल्हापूर)

व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस घ्या, दुसरं शोधत बसू नका. दुकानात ‘जायंट’ व्हॅलिस्नेरिया पुढं केलं तर नको म्हणा. त्याची पानं मीटरभर वाढतात आणि वर पसरून खालचा उजेड अडवतात.

८-१० रोपं पुरतात. बारीक खडीचा थर दोन-अडीच इंच ठेवा, दोन रोपांत २ इंच अंतर. मुळं गाडा, पण पानं जिथून फुटतात तो पांढरट भाग खडीच्या वर राहिलाच पाहिजे, नाहीतर रोप कुजतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं विरघळतात. घाबरून उपटू नका. मुळं घट्ट असतील तर मधून नवी फुटतात, मग रनर (टोकाला नवं रोप धरणारे आडवे फुटवे) सुटून टाकी आपोआप भरते.

दिवा ७-८ तास. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) वेगळा सोडावा लागत नाही. ‘लिक्विड कार्बन’ नावाचं बाटलीतलं द्रावण तर टाकूच नका, त्यातल्या ग्लुटाराल्डिहाइडनं हीच वनस्पती आधी वितळते. बोअरचं जड पाणी हिला मानवतं; नळाचं असेल तर डीक्लोरिनेटर (क्लोरीन काढणारं औषध) घाला.

रंकाळा तलावातलं फुकटचं गवत आणू नका, सोबत गोगलगायी आणि जळवा येतात. गोल्डफिश असतील तर मुळं धरेपर्यंत बुडाशी गोटे ठेवा, ते रोपं उपटतात.