वान्येक नावाचा पाहुणा : वाचकांचे प्रश्न, नाटककाराची उत्तरे

गेल्या अंकात एकांकिकांविषयी लिहिताना मी चेक नाटककार वात्स्लाव हावेल यांच्या ‘ऑडियन्स’ या एकांकिकेचा आणि तिच्यातील फर्डिनांड वान्येक या पात्राचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. विषय एकच असल्याने ती सलग वाचावीत.

प्रश्न : चार वेगवेगळ्या नाटककारांनी वान्येक हे एकच पात्र वापरले, असे आपण लिहिले होते. आमच्या महाविद्यालयाच्या गटात यावर जोराचा वाद झाला. दुसऱ्याने निर्माण केलेले पात्र उचलणे ही दाद म्हणायची की उचलेगिरी? (एकांकिका लिहिणारी एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : वादाचा निकाल लावण्यापूर्वी हे पात्र कोणत्या परिस्थितीत जन्माला आले ते पाहू. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्राग शहरात शिरले आणि त्यानंतरच्या राजवटीने ज्या लेखकांची नाटके रंगमंचावरून आणि ग्रंथालयांतूनही हद्दपार केली, त्यांत हावेल होते. १९७४मध्ये त्यांनी त्रुत्नोव या गावातील बिअरच्या कारखान्यात काही महिने मजुरी केली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७५मध्ये, त्या अनुभवावर त्यांनी ‘ऑडियन्स’ लिहिली. नाट्यगृह मिळण्याची आशाच नव्हती. उन्हाळ्यात त्यांच्या ह्रादेचेक येथील घरी लेखकमित्र जमत, त्यांच्यापुढे वाचून दाखवावी आणि चार घटका करमणूक व्हावी, एवढाच तिच्यामागचा हेतू होता. ऐकणारेही बहुतेक हावेल यांच्यासारखेच बंदी घातलेले लेखक होते.

म्हणजे या एकांकिकेचा पहिला प्रेक्षकवर्गच मुळी समव्यवसायी होता. वान्येक हा बंदी घातलेला, कारखान्यात पिंपे ढकलणारा, अतिशय सभ्य आणि थोडासा अवघडलेला नाटककार समोर बसलेल्या प्रत्येकाला आरशातल्यासारखा ओळखीचा वाटला असणार. त्याच वर्षी हावेल यांनी त्याला ‘व्हर्निसाज’ या एकांकिकेत एका सुखवस्तू जोडप्याच्या घरी पाहुणा म्हणून धाडले आणि १९७८मध्ये ‘प्रोटेस्ट’मध्ये एका प्रस्थापित लेखकाच्या अभ्यासिकेत बसवले. पुढे हे पात्र हावेल यांच्या हातून निसटून मित्रांच्या हाती गेले. पावेल कोहोउट यांनी ‘अटेस्ट’मध्ये वान्येकला आपल्या कुत्र्यासाठी दाखला मागायला एका कार्यालयात पाठवले. पावेल लांडोव्स्की हे मुळात नट. त्यांनी त्याला कोठडीत टाकले. यिर्झी डीन्स्टबिअर हे पत्रकार. हावेल यांच्याबरोबर ते स्वतः तुरुंगात होते आणि त्यांच्या एकांकिकेत वान्येकची तुरुंगात भरती होते.

आता तुमचा वाद. पात्र उचलताना मूळ लेखकाची संमती आहे का, ऋण उघडपणे मान्य केले आहे का आणि आपण त्या पात्राला नवे काही करायला लावले आहे का, हे मी विचारीन. कोहोउट यांनी पहिल्या दोन्ही गोष्टी केल्याच, शिवाय तिसरीही केली. हावेल यांचा वान्येक मद्याच्या आणि मैत्रीच्या आग्रहासमोर अवघडतो, तर कोहोउट यांचा वान्येक नियमांच्या कागदासमोर उभा राहतो. कोहोउट यांचा विनोद अधिक उघडा आहे, मधूनमधून प्रहसनाकडे झुकणारा आहे, आणि मला स्वतःला तो हावेल यांच्या विनोदाइतका टिकाऊ वाटत नाही. परंतु तो उसना निश्चितच नाही. ‘प्रोटेस्ट’ आणि ‘अटेस्ट’ या दोन एकांकिका १९७९मध्ये व्हिएन्नात एकाच संध्याकाळी, एकापाठोपाठ एक सादर झाल्या. दोन लेखकांच्या हातचा एकच माणूस एकाच रंगमंचावर पाहण्याची ही संधी, दोन्ही लेखकांच्या मायदेशात मात्र, कोणत्याही नाट्यगृहाला देता आली नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या गटाला सांगा. या लेखकांचे एकमेकांशी असलेले नाते कागदापुरते नव्हते. ६ जानेवारी १९७७ रोजी ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचे निवेदन सरकारकडे पोचवण्यासाठी निघालेली मोटार पोलिसांनी अडवली, तेव्हा ती लांडोव्स्की चालवत होते आणि आत हावेल बसलेले होते. ‘ऑडियन्स’चे जे ध्वनिमुद्रण पुढे स्वीडनमध्ये तबकडीवर निघाले, त्यात वान्येकचा आवाज खुद्द हावेल यांचा आणि कारखान्यातील मुकादमाचा आवाज लांडोव्स्की यांचा आहे. ज्या नटाने मुकादम रंगवला, त्याच नटाने पुढे वान्येकवर एकांकिका लिहिली. एखादी संहिता आतून ओळखण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

प्रश्न : वान्येक जवळजवळ बोलतच नाही, असे आपण म्हणता. आमच्या एका एकांकिकेचा नायक असाच अबोल होता, तर स्पर्धेच्या परीक्षकांनी ‘नायक निष्क्रिय आहे’ असा शेरा दिला. मग वान्येकचे कौतुक कशासाठी? (एक दिग्दर्शक, नागपूर)

उत्तर : तुमची संहिता मी वाचलेली नाही, त्यामुळे परीक्षकांच्या शेऱ्याविषयी बोलणे योग्य होणार नाही. ‘ऑडियन्स’मध्ये मात्र अबोलपणा कसा कामाला लावला आहे, हे प्रत्यक्ष एका तुकड्यावरून दाखवता येते.

मुकादम वान्येकला आपल्या खोलीत बोलावतो. टेबलावर बिअर आहे. तो स्वतः पितो, वान्येकच्या पेल्यात ओततो, ‘प्या हो’ म्हणतो, ‘उदास होऊ नका’ म्हणतो, पुन्हा ओततो. वान्येकला बिअर आवडत नाही, पण तसे तोंडावर सांगणे त्याच्या सभ्यतेत बसत नाही. मुकादम मधूनमधून लघवीला बाहेर जातो. तो गेला की वान्येक घाईघाईने आपल्या पेल्यातील बिअर मुकादमाच्या पेल्यात ओतून टाकतो. मुकादम परत येतो, भरलेला पेला पाहतो आणि निमूटपणे पितो. परिणामी वान्येकच्या वाट्याची दारूही मुकादमालाच चढत जाते आणि जसजशी ती चढते तसतसा तो अधिक मोकळा, अधिक केविलवाणा आणि अधिक धोकादायक होत जातो. मंचावर दिसणारी ही एकच कृती आहे, तीही चोरटी, शब्दांवाचून केलेली. पण एकांकिकेचे सारे यंत्र तिच्यावर फिरते. या नायकाला निष्क्रिय कसे म्हणायचे?

मग मूळ मुद्दा बाहेर येतो. वान्येकविषयी दर आठवड्याला वर अहवाल द्यावा लागतो आणि त्यात काय लिहावे हे मुकादमाला सुचत नाही. वान्येक तर लेखक. तेव्हा त्याने स्वतःच स्वतःविषयीचे अहवाल लिहून द्यावेत, त्या बदल्यात त्याला गोदामात उबेतले बैठे काम मिळेल, आणि शिवाय एका प्रसिद्ध नटीला त्याने इकडे भेटायला घेऊन यावे. वान्येक नकार देतो. तत्त्वाचा प्रश्न आहे, स्वतःविरुद्ध चहाडी मी करू शकत नाही, असे तो चाचरत सांगतो. त्यावर मुकादम जे फुटतो, त्यात एकांकिकेचा खरा दंश आहे. तुम्हाला तत्त्वे परवडतात, तुमच्या तत्त्वांनाही भाव आहे, तुम्ही एक दिवस परत आपल्या नटनट्यांत जाल आणि पिंपे ढकलल्याच्या गोष्टी सांगाल, माझे काय? मी कुठे जाणार? या आक्रोशाला वान्येकजवळ उत्तर नाही, आणि हावेल यांनी त्याला ते दिलेलेही नाही. आपल्याच प्रतिरूपाला निरुत्तर करण्याचा हा प्रामाणिकपणा मला या एकांकिकेत सर्वांत मोलाचा वाटतो.

शेवटी मुकादम झोपी जातो, वान्येक बाहेर जातो आणि पुन्हा आत येतो. जागा झालेला मुकादम सारे विसरून पहिल्यासारखेच त्याचे स्वागत करतो. या खेपेला मात्र वान्येक सरळ बसतो, बिअर घटाघटा पितो आणि सगळ्याचा सत्यानाश झाला आहे, या अर्थाचे एक रांगडे वाक्य टाकतो. तो शहाणा झाला, मुकादमासारखा झाला की थकला, हे प्रत्येक दिग्दर्शकाने ठरवायचे.

‘प्रोटेस्ट’मध्ये हेच तंत्र अधिक बारीक झाले आहे. स्टान्येक नावाचा यशस्वी लेखक वान्येकला बोलावून सांगतो की एका गायकाला अटक झाली आहे, त्याविरुद्ध तुम्ही लोकांनी निषेधपत्रक काढावे. त्याची कळकळ घरगुती आहे, कारण तो गायक त्याच्या मुलीच्या होणाऱ्या अपत्याचा बाप आहे. वान्येक पिशवीतून तयार निषेधपत्रक काढून समोर ठेवतो, त्यावर सह्याही झालेल्या असतात. आता प्रश्न उरतो तो एकाच सहीचा. सही न करणेच निषेधाच्या अधिक हिताचे कसे आहे, हे स्टान्येक पुढे एका लांबलचक, काटेकोर आणि ऐकताना जवळजवळ पटणाऱ्या भाषणातून सिद्ध करतो. वान्येकने एक शब्दही आरोपाचा उच्चारला असता, तर स्टान्येकला रागावून सुटता आले असते. समोरचा आरोप करत नाही म्हणूनच त्याला स्वतःचे वकीलपत्र घ्यावे लागते. तुमच्या एकांकिकेतील अबोल नायकामुळे इतर पात्रांना असे काही बोलणे भाग पडत होते का, हे संहिता पुन्हा काढून पाहा.

प्रश्न : सहकाऱ्यांच्या या एकांकिकांविषयी हावेल यांचे स्वतःचे मत काय होते? आपल्याकडे लेखक लेखकाचे कौतुक करतो ते बहुधा प्रस्तावनेत किंवा प्रकाशन समारंभात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रस्तावनेतील कौतुक बहुधा मैत्रीखात्यात जमा होते, हे आपले निरीक्षण मला मान्य आहे. हावेल यांनी मात्र वान्येकच्या एकांकिकांविषयी एक छोटा निबंध लिहिला, त्यात या खात्याचा मोह त्यांनी टाळला आहे. वान्येक म्हणजे मी नव्हे, आणि तो फारसा व्यक्तीही नव्हे, तर ते एक नाट्यतत्त्व आहे, अशी त्यांची मांडणी आहे. तो विशेष काही करत नाही, बोलत नाही. त्याच्या केवळ असण्याने भोवतालच्या माणसांना आपली भूमिका उघड करावी लागते. म्हणून या एकांकिका वान्येकविषयी नसून त्याच्यासमोर उघड्या पडणाऱ्या जगाविषयी आहेत. प्रत्येक सहकाऱ्याचा वान्येक निराळा आहे, हे त्यांनी आनंदाने नोंदवले आहे. आपल्या पात्रावरील मालकी सोडून देत त्यांनी मित्रांच्या कामाकडे पाहिले आणि त्यातून त्यांना स्वतःच्या एकांकिकांविषयीच काहीतरी नवे उमगले, असे मला वाचताना वाटले.

याहून मोठी दाद त्यांना स्वतःला मिळाली होती. १९८२च्या जुलैमध्ये, हावेल तुरुंगात असताना, फ्रान्समधील आविन्यों महोत्सवात त्यांच्या पाठिंब्यासाठी एक रात्र योजली गेली. तिच्यासाठी नाटककार सॅम्युअल बेकेट यांनी ‘कॅटॅस्ट्रॉफी’ ही अतिशय छोटी नाटिका लिहिली आणि ती हावेल यांना अर्पण केली. चौथऱ्यावर एक मूक माणूस उभा आहे, दिग्दर्शक आणि त्याची सहायिका त्याची टोपी, हात, मान वस्तूंसारखी हवी तशी मांडून घेतात आणि शेवटी तो माणूस, कोणी सांगितलेले नसताना, मान वर करून प्रेक्षकांकडे पाहतो. हावेल १९८३मध्ये सुटले आणि त्यांनी उत्तर म्हणून ‘चूक’ अशा अर्थाच्या नावाची एक छोटी नाटिका लिहिली. तिच्यातही एक गप्प माणूस आहे, मात्र त्याला छळणारे त्याच्याच कोठडीतील कैदी आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोममध्ये दोन्ही नाटिका एकत्र सादर झाल्या. बेकेट यांनी सत्ताधाऱ्यांवर बोट ठेवले होते. हावेल यांनी उत्तर देताना ते बोट कैद्यांकडेही वळवले. आभार मानण्याची ही पद्धत मला भारी आवडते.

इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी तर बीबीसी रेडिओवर १९७७मध्ये वान्येकची भूमिका स्वतः केली. टॉम स्टॉपर्ड यांच्या २००६मधील ‘रॉक अँड रोल’ या नाटकातील फर्डिनांड हे नाव वान्येकवरूनच आले आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. नागपुरात सिनेमाचे तिकीट न मिळाल्याने महेश एलकुंचवार विजय तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’च्या प्रयोगाला जाऊन बसले आणि तिथून नाट्यलेखनाकडे वळले, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. त्यानंतर त्यांनी लिहिलेली ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त छापून आली, ती वाचून विजया मेहता यांनी त्यांच्या एकांकिका ‘रंगायन’तर्फे रंगमंचावर आणल्या. तेंडुलकरांना मिळालेली ही दाद कोणत्याही प्रस्तावनेत बसणारी नव्हती.

प्रश्न : ‘ऑडियन्स’ मराठीत करायची इच्छा आहे. रूपांतर करावे की भाषांतर? आणि परवानगीचे काय? (एक हौशी नाट्यसंस्था, ठाणे)

उत्तर : माझे मत भाषांतराच्या बाजूचे आहे. मुकादमाची बोली अस्सल रांगडी मराठी असावी, पण कारखाना, बिअर आणि ती राजवट तिथलीच राहू द्यावी; वान्येकला आपल्याकडच्या एखाद्या कारखान्यात आणून बसवले की मुकादमाची भीती कोणाची, हे प्रेक्षकाला नव्याने समजावून सांगण्यातच निम्मी एकांकिका खर्ची पडेल. दोन नट, एक टेबल, दोन पेले आणि भरपूर बाटल्या एवढेच नेपथ्य पुरते. बाटल्यांत काय भरायचे हे तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरवा, कारण मुकादमाच्या नटाला प्रयोगभर खरोखरच प्यायचे असते आणि पोट फुगल्यावर अखेरचे ते भाषण पेलत नाही.

परवानगी आवश्यक आहे. हावेल यांचे निधन २०११मध्ये झाले आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतात. मराठी संहिता इंग्रजी भाषांतरावरून करणार असाल, तर त्या भाषांतरकाराचेही हक्क असतात, ते वेगळे विचारावे लागतील. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागेल. हा पत्रव्यवहार वेळखाऊ असतो, तेव्हा प्रयोगाची तारीख त्यानंतरच धरा. दरम्यान एखाद्याच्या घरी, दहा-बारा लेखकमित्रांसमोर, संहितेचे वाचन करून पाहायला हरकत नाही.