कॅलिफोर्नियात लग्न न करता एकत्र राहणाऱ्या दोघांनी गाडीची सामाईक मालकी कशी सुरक्षित ठेवावी?

दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेल्या गाडीच्या टायटलवर (मालकीच्या सरकारी दाखल्यावर) नावे कशी लावावीत, असे आपण विचारले आहे. येथे दोन नावांमधला एक छोटा शब्दच सगळे ठरवतो. तो ‘ऑर’ असेल, तर दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने, दुसऱ्याला न विचारता गाडी विकू शकते. ‘अँड’ असेल, तर दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या) अर्जात ‘अँड’ निवडावे आणि टायटल हाती येताच तो शब्द स्वतःच्या डोळ्यांनी तपासावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

विवाहित जोडप्यांना लागू होणारा कम्युनिटी प्रॉपर्टीचा (लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची समान मानण्याचा) नियम आपल्याला लागू नाही, कारण कितीही वर्षे एकत्र राहिले तरी केवळ त्यामुळे कॅलिफोर्नियात विवाह झाला असे मानले जात नाही. एकाच्या पश्चात गाडी दुसऱ्याकडेच जावी असे वाटत असेल, तर नावांपुढे ‘जेटीआरएस’ (‘जॉइंट टेनंट्स विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप’, म्हणजे मागे राहणाऱ्याला पूर्ण मालकी देणारी संयुक्त मालकी) असे नोंदवून घ्यावे. अन्यथा मृत्युपत्र नसल्यास तो हिस्सा कायदेशीर वारसांकडे, अपत्य नसेल तर बहुधा भारतातल्या आईवडिलांकडे जातो. कोणी किती रक्कम भरली, याचा दोघांच्या सह्यांचा कागदही आत्ताच करावा. विम्यात दोघांचीही नावे असावीत.