कारकुनांच्या डोक्यातलं आधी उतरवून घे

अनेक आशीर्वाद.

फर्मसाठी तू केलेला तंत्रज्ञानाचा आराखडा वाचला. तीन सॉफ्टवेअरची तुलना आहे, माणशी खर्च आहे, एआयवर तर दोन पानं आहेत. पण अर्ज-सर्टिफिकेटांचा एखादा तयार ड्राफ्ट जुना झाला हे कुणी ठरवायचं, ते कुठेच सापडलं नाही.

1 जुलै 2024 ला जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या ऑफिसने एक नवा दावा लावला, आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या प्रिंटला जोडून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट गेलं ते जुन्या कायद्याच्या कलम 65 बी चं. ज्युनिअरने सर्व्हरवर शोधलं, वर आला तो ड्राफ्ट उचलला. फाइलचं नाव 'फायनल नवीन'. त्याला काय बोलणार? आता नव्या कायद्यात ते कलम 63 आहे आणि सर्टिफिकेटला दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. नुसता कलमाचा आकडा खोडून भागत नाही. समोरच्या वकिलांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

चिडून मी जुने ड्राफ्ट एकजात पुसायला निघालो. आमचे कारकून म्हणाले, "साहेब, आधीपासून चालू असलेल्या दाव्यांचं काय?" खरंच होतं. नव्या कायद्याच्या कलम 170 प्रमाणे 1 जुलैआधी प्रलंबित असलेल्या कामांना जुनाच कायदा लागू. म्हणजे दोन्ही ड्राफ्ट हवेत. आता आमच्याकडे प्रत्येक ड्राफ्टच्या माथ्यावर तीन ओळी असतात: कोणत्या कामाला चालतो, कुणी तपासला, कधी तपासला. तपासणाऱ्याचं नाव नसेल तर तो वापरायचा नाही. हे करायला एक रुपया लागला नाही, भांडणं मात्र पुष्कळ झाली.

सीनिअर मंडळी लिहून देणार नाहीत, हे गृहीतच धर. त्यांना फॉर्म पाठवू नकोस. निकाल लागला की त्याच आठवड्यात शेजारी बसून विचार: हा मुद्दा का सोडला, तो साक्षीदार का तपासला नाही? बोलतील. तू लिही. निकालपत्र कुठेही मिळतं, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे तर ई-एससीआर या त्याच्याच वेबसाइटवर फुकट आहेत. सोडून दिलेला मुद्दा कुठेच छापला जात नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा हे जमतं.

तारखांच्या सॉफ्टवेअरवर फार पैसे घालू नकोस. प्रत्येक केसला मिळणारा सीएनआर नंबर टाकला की कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर तारीख दिसते. एआय घे, माझी ना नाही. पण न झाडलेल्या फोल्डरवर बसवलास तर तेच 65 बी तो दुप्पट वेगाने काढून देईल, शिवाय छान भाषेत. आणि अशिलाचे कागद कुठल्याही फुकटच्या चॅटमध्ये टाकायचे नाहीत, हे आजच सगळ्यांना सांग. गुप्ततेचं बंधन आपल्यावर आहे, त्या कंपनीवर नाही.

तुमच्या फर्ममध्येही असे एखादे कारकून असतीलच, कोर्टाच्या कोणत्या टेबलावर कसली हरकत निघते हे तोंडपाठ असलेले. ते कधी निवृत्त होणार, तेवढं विचारून ठेव. आराखड्याचं वेळापत्रक त्या तारखेपासून उलटं मोजत नव्याने लिही आणि मला पाठव. सॉफ्टवेअरची पानं तूर्त बाजूला राहू देत.