‘आम्ही नीट देतोय’ आणि वहीची मागची पाने

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आणि वैद्यकीय प्रवेशासाठी नीट परीक्षा देणार असलेल्या एका मुलाच्या वडिलांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: ‘आम्ही नीटची तयारी करीत आहोत. मुलगा वर्षभर दर रविवारी पहाटे एका सामुदायिक शेतावर स्वयंसेवक म्हणून जात होता. तिथला भाजीपाला विकला जात नाही. गरजूंना मोफत जेवण देणाऱ्या स्वयंपाकघरांना तो पोहोचवला जातो. सराव परीक्षेतील गुण ७२० पैकी ४७० वरून ४४८ वर आल्यावर मी त्याचे जाणे बंद केले आणि सायकलची किल्ली काढून घेतली. दोन महिन्यांनी गुण ४३१ झाले. घरात तो फारसा बोलत नाही. वहीच्या मागच्या पानांवर भाजीचे हिशोब सापडले. एका पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. आता म्हणतो, भुकेच्या प्रश्नावर काम करायचे आहे, म्हणून कृषी शाखेला जाणार. त्याचे मन पुन्हा वैद्यकीयकडे कसे वळवावे? आणि वर्षभर राबलाच आहे, तर त्या प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी काही उपयोग होईल का?’

गुणांपेक्षा तुमच्या पत्रातला पहिला शब्द मला अधिक खटकला. ‘आम्ही नीटची तयारी करीत आहोत.’ हे ‘आम्ही’ पालकांच्या पत्रांत मला वारंवार भेटते, आणि त्यामागे माया असते हेही मला ठाऊक आहे. परंतु परीक्षागृहात तीन तास एकटा मुलगाच बसणार आहे, आणि पुढे रुग्णालयातली रात्रपाळीही त्यालाच करायची आहे. दोन पानी पत्रात मुलाच्या तोंडचे वाक्य अवघे एक आहे, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. तो वैद्यकीयला का जाऊ इच्छित होता, किंबहुना कधी इच्छित होता का, याविषयी पत्रात अक्षरही नाही. मुलाचे मन तुम्हाला हव्या त्या दिशेला वळवून देणे हे माझे काम नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गुणांबद्दल तुमचेच आकडे तुमच्यासमोर ठेवतो. शेतावर जात असताना २२ गुण कमी झाले, हे खरे. जाणे बंद केल्यानंतर आणखी १७ कमी झाले. आठवड्याचे १६८ तास असतात. त्यांपैकी चार तास परत मिळवण्यासाठी तुम्ही किल्ली घेतली, आणि ते चार तास अभ्यासात गेल्याचे निदान या आकड्यांवरून तरी दिसत नाही. गुण का उतरले हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित भौतिकशास्त्राचा एखादा भाग कच्चा असेल, कदाचित सराव परीक्षाच कठीण होत गेल्या असतील. उत्तरपत्रिका विषयवार तपासून पाहिली असती, तर यातले बरेचसे कळले असते. मात्र घरात न बोलणारा मुलगा हा घसरलेल्या गुणांपेक्षा गंभीर विषय आहे, आणि तुम्ही त्याला एका वाक्यात उरकले आहे.

आता त्या छायाचित्राकडे येतो. मुलाचे लक्ष उडाल्याचा पुरावा म्हणून तुम्ही ते पाठवले. मी मात्र त्यात बराच वेळ रमलो. पानावर चार रकाने आहेत: तोडणीची वेळ, तोडलेले किलो, स्वयंपाकघरात वापरलेले किलो आणि फेकलेले किलो. सकाळी नऊ वाजता तोडलेल्या ४० किलो पालेभाजीपैकी ११ किलो फेकावी लागली. पुढच्या एका रविवारी साडेसहाच्या आत तोडून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या ३८ किलोपैकी फक्त ४ किलो गेली. शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘भाजीवर पाणी मारले की देठाकडून सडते. फक्त गोणपाट ओले ठेवायचे.’ तोडलेले पान जिवंतच असते. त्याचे श्वसन चालू राहते, पण मुळाकडून येणारे पाणी बंद झालेले असते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो, आणि ज्या पानात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते ते उन्हात पाहता पाहता माना टाकते. या विषयाला काढणीपश्चात तंत्रज्ञान म्हणतात आणि त्यात पदव्युत्तर पदवी घेता येते. गोणपाटाची युक्ती मुलाला कुणी सांगितली असेलही, पण ती उपयोगी पडते की नाही हे त्याने वजन करून पाहिले. (वनस्पतींचे श्वसन हा नीटच्याच अभ्यासक्रमातला भाग आहे, हे जाता जाता.)

एक गैरसमज मात्र तुमच्यात आणि मुलात सामाईक दिसतो, आणि तो दूर करणे मला परीक्षांची माहिती देण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. भूक म्हणजे अन्नाचा तुटवडा, तुटवडा म्हणजे शेती, आणि म्हणून भुकेवर काम करायचे तर कृषी पदवीच हवी, अशी ही साखळी आहे. तिची पहिलीच कडी कच्ची आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. पण अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये जो हिशोब मांडला त्यानुसार, त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले अन्न १९४१ पेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांची अन्न विकत घेण्याची ताकदच नाहीशी झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, माणसासाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला १३० कोटी टन अन्न, वाया जाते किंवा नासते. जगातील पहिली फूड बँक, म्हणजे वाया जाऊ शकणारे अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवणारी संस्था, १९६७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथे जॉन वॅन हेंगेल यांनी सुरू केली, तेही शेतीतज्ज्ञ म्हणून नव्हे. मोफत जेवण देणाऱ्या एका स्वयंपाकघरात ते स्वयंसेवक होते, आणि वाया जाणारी फळे गोळा करता करता साठवण आणि वाटप ही खरी अडचण असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून भुकेच्या प्रश्नावर काम करणारा माणूस अर्थशास्त्रज्ञ असू शकतो, अन्नतंत्रज्ञ असू शकतो, पोषणतज्ज्ञ, पुरवठा साखळीचा व्यवस्थापक किंवा समाजकार्याचा पदवीधर असू शकतो. डॉक्टरही असू शकतो, कारण कुपोषित बालकावर उपचार करणारा कुणी तरी लागतोच. तुम्ही आणि मुलगा ज्या दोन टोकांना उभे आहात, ती टोके तुम्हाला वाटतात तितकी लांब नाहीत.

मुलालाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, आणि ती त्याला आवडणार नाही. स्वयंसेवकांचे शेत हे शेतकऱ्याचे शेत नव्हे. तिथे मजुरी फुकट असते, माल विकायचा नसल्यामुळे भाव पडण्याची धास्ती नसते, कर्जाचा हप्ता नसतो, आणि पीक हातचे गेले तरी सगळे जण आपापल्या घरी जाऊन जेवतात. रविवारच्या चार तासांचा आनंद खरा आहे, पण त्या बळावर ‘मला शेती आवडते’ असा निष्कर्ष त्याने काढला असेल, तर तो घाईचा आहे. त्याच्या वहीकडे पाहून मला तरी वाटते की त्याला पिकवण्यापेक्षा पिकलेले वाया का जाते, याचे कुतूहल अधिक आहे. ते खरे असेल, तर त्याची शाखाही वेगळी असू शकेल.

परीक्षांचे थोडक्यात: राज्यातील कृषी आणि अन्नतंत्रज्ञान पदवीसाठी एमएचटी-सीईटी, कृषी विद्यापीठांतील अखिल भारतीय कोट्यासाठी सीयूईटी, आणि वैद्यकीयसाठी नीट. वैद्यकीयच्या गुणवत्ता यादीत स्वयंसेवेच्या प्रमाणपत्राला एकही गुण नाही. परदेशातील काही विद्यापीठे अर्जात अशा कामाची दखल घेतात. परंतु तिथेही किती तास भरले यापेक्षा काय उमगले हे विचारतात, आणि त्याचे उत्तर प्रमाणपत्रात नसून त्या वहीत आहे. ज्या कामावरून तुम्ही मुलाला उठवलेत, त्याच कामाचे प्रमाणपत्र तुम्ही आता मागता, ही विसंगती तुमच्या लक्षात आली नसली तरी मुलाच्या आली असणार.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी तुम्हाला देत नाही. सायकलची किल्ली आज परत करा, आणि ती देताना गुणांची कोणतीही अट घालू नका. परीक्षेच्या आधीचे काही आठवडे शेतावर जायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या. बारावीतल्या मुलाला एवढा हिशोब जमतो, आणि हा मुलगा तर चार रकान्यांत हिशोब मांडतो. त्यानंतर त्याला सांगा की मला पत्र लिही, स्वतःच्या हस्ताक्षरात, आणि सोबत वहीच्या त्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स जोड. मला विशेषतः पावसाळ्यातले रकाने पाहायचे आहेत. पाकीट त्यालाच बंद करू द्या. त्याने नीटबद्दल लिहिले तर मी नीटबद्दल उत्तर देईन, आणि गोणपाटाबद्दल लिहिले तर गोणपाटाबद्दल.