टाकीखालून पेट्रोल झिरपतंय, एम-सील लावून चालेल का?

जुन्या स्प्लेंडरच्या टाकीला खालून भोक पडलंय, एम-सील लावू की टाकी बदलू, असं तुम्ही विचारलंय. एम-सील नको. ओल्या पत्र्यावर ते धरत नाही. गाडी घरी आणण्यापुरता कपड्याचा साबण भोकावर घासा, तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही.

आधी कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, तपासा. तिथली गळतीही पत्र्यावरून ओघळत मागे जाते. टाकी पुसून खडूची पूड लावा, पहिली ओल जिथे उमटेल तिथे भोक.

गेल्या पावसाळ्यात हातात आलेल्या टाकीला टाचणीएवढं एकच भोक दिसत होतं. 80 नंबरचा पॉलिश पेपर मारल्यावर तीन झाली, स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पाच. सगळी डाव्या बाजूला, तळाशी. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, पाणी पेट्रोलपेक्षा जड, आणि कॉकची नळी तळापासून वर असते. म्हणून ते पाणी कधीच बाहेर पडत नाही. इथेनॉल ओलावा शोषतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीत हे जास्त.

त्यामुळे आधी गंज काढा. भोकं बाहेरून रबर दाबून बंद करा, लिटरभर पाण्यामागे 100 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून टाकी एक दिवस भरून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. आणखी भोकं उघडी पडतील, ती आत्ताच पडलेली बरी.

आता वेल्डिंगबद्दल. "टाकी रिकामी आहे, काही होत नाही" हे मी अनेकांकडून ऐकलंय आणि ते साफ चूक आहे. हवेत पेट्रोलची वाफ 1.4 ते 7.6 टक्के असली की भडका उडतो, आणि धुतलेल्या टाकीच्या शिवणीतूनही वाफ निघत राहते. शिवाय गंजून पातळ झालेल्या पत्र्याला गॅसची ज्योत आणखी मोठं भोक पाडते. सोल्डरिंग (कथलाचा डाग) करा, तेही रेडिएटरवाल्याकडून. 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 190 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तापवलेली सोल्डरिंग आयर्न पुरते, ज्योत टाकीजवळ न्यावी लागत नाही. तोंडाला बूच मारून टाकी उलटी करा, पाणी आता वर आलेल्या तळाच्या पत्र्याच्या बोटभर खालपर्यंत भरा. पाणी पत्र्याला टेकलं तर पत्रा तापतच नाही. कॉकचं भोक उघडं ठेवा, वाफ तिथून जाईल. भोकाभोवती तीन सेंटिमीटर पत्रा घासून चकचकीत करा आणि 0.8 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं ठिगळ बसवा, दोन्ही पृष्ठांना आधी सोल्डरचा थर द्या. सोल्डर धरावं म्हणून लावलेल्या फ्लक्सचं ॲसिड लगेच धुवा, नाहीतर ठिगळाच्या कडेने पुन्हा गंज धरतो.

तपासायला साबणाचं पाणी आणि सायकलचा पंप पुरे. कॉम्प्रेसर लावाल तर टाकी फुगेल. टाकी कोरडी झाल्या झाल्या 100 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) आत फिरवा, काही तासांतच नवा गंज येतो.

तळ बोटाने दाबून लवत असेल तर मात्र टाकीच बदला. आणि फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच असेल, तर तो काढल्याशिवाय यातलं काहीही करू नका.