परभणीच्या माळ्यावरचा तीन स्प्रिंगांचा दिवा

भाऊ, फोटो पाहिले. आजोबांच्या वाड्यात माळ्यावर सापडलेला टेबललॅम्प, मामा म्हणतात जर्मन आहे, भंगारवाला तीनशे देतोय, आणि तुमच्या मनात आहे की सांध्यांत तेल सोडून, काळा स्प्रे मारून, एलईडी लावून वापरायला काढावा. वापरायला जरूर काढा. पण तेलाची बाटली आणि स्प्रेचा डबा आधी कपाटात ठेवा.

जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरंच, पण दिवा मात्र इंग्रजी आहे. तिसऱ्या फोटोत 'अँगलपॉइज' हे दिव्याचं नाव आणि 'हर्बर्ट टेरी अँड सन्स, रेडिच' हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव उमटलेलं दिसतं. इंग्लंडमधल्या बाथ गावचा जॉर्ज कारवर्डाइन हा मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा इंजिनिअर. त्याने 1932 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि दिवा बनवला रेडिचच्या टेरींनी, ज्यांचा धंदाच स्प्रिंगांचा. आधी चार स्प्रिंगांचा आला, मग 1935 मध्ये घरगुती वापरासाठी तीन स्प्रिंगांचा, 1227 नंबरचं मॉडेल. तुमचा हाच. पायाला तीन पायऱ्या असत्या तर अगदी सुरुवातीचा म्हटला असता. तुमच्याला दोन आहेत, म्हणजे साधारण 1938 नंतरचा. आजोबा निझामाच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते असं तुम्ही लिहिलंय. नकाशे काढणाऱ्या माणसाकडे हा असणं अगदी जुळतं.

आता तेल का नको. रेल्वे फाटकाचा दांडा पाहिलाय ना? मागच्या टोकाला लोखंडी वजन असतं म्हणून तो एका हाताने उचलतो. या दिव्यात त्या वजनाचं काम स्प्रिंगा करतात. दांडी आडवी झाली की दिव्याचा भार वाढतो, उभी झाली की कमी होतो. स्प्रिंगांची ओढही त्याच हिशोबाने वाढते आणि कमी होते. म्हणून दिवा सोडाल तिथे थांबतो. तरी तोल काही शंभर टक्के बसत नाही. उरलेली कसर सांध्यातलं घर्षण भरून काढतं. तिथे तेल गेलं की मान लुळी पडते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी जालन्यात भंगाराच्या ढिगातून असाच एक मी किलोच्या भावाने उचलला होता. मी तेव्हा चिकलठाण्याला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे सगळं येतं असा माज. सांध्यांत मशीनचं तेल सोडलं, वर पावडर कोटिंग करून आणलं. दिवा चकचकीत झाला, नावाची अक्षरं रंगात बुडाली आणि डोकं दर पाच मिनिटांनी वहीवर येऊन टेकायला लागलं. मग रागाने बोल्ट आवळले तर दांडी वाकली. तो अजून माझ्याकडे आहे, पण दाखवण्यासारखा नाही.

तुम्ही एवढंच करा: कोरड्या ब्रशने धूळ काढा, ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. आपल्याकडच्या कोरड्या हवेने गंज फार धरलेला नाही. रंग उडालाय तिथे उडू द्या. स्प्रिंगा काढू नका, त्या ताणलेल्या असतात आणि सुटल्या तर थेट डोळ्याकडे येतात.

वायर मात्र शंभर टक्के बदला. कापडी वेष्टण वरून धडधाकट दिसतं, आत रबराचा भुगा झालेला असतो, आणि सगळा दिवा धातूचा आहे. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणेल, दोन पिनी चालतात साहेब. ऐकू नका. तीन तारांची वायर घ्या, अर्थिंग दिव्याच्या अंगाला स्क्रूने पक्की करा आणि घरातली अर्थिंग खरोखर चालू आहे का तेही त्याच माणसाकडून तपासून घ्या. नवी वायर जुनीच्या शेपटाला बांधून ओढली की त्याच वाटेने जाते.

बल्बचं सोपं आहे. इंग्रजी होल्डर आणि आपला होल्डर एकच, दोन खुंट्यांचा, त्यामुळे दुकानातला बल्ब थेट बसतो. पण नेहमीचा एलईडी साध्या बल्बपेक्षा जड असतो आणि तोल बिघडवतो. काचेचा, आत पिवळ्या काड्या दिसणारा 4 वॉटचा एलईडी घ्या, तो हलका येतो. उजेड कमी पडेल ही भीती नको. हा दिवा जवळ ओढून वापरायचा असतो. तेव्हाच्या जाहिरातींतही 25 वॉटचा बल्ब पुरतो असंच सांगत.

किमतीबद्दल विचारलंत. नेटवर दिसतात ते विकणाऱ्याने लावलेले आकडे, मिळालेले नव्हेत. शिवाय कंपनी 1227 आजही नव्याने बनवते. त्यामुळे लाखाची स्वप्नं नकोत, पण तीनशेला देऊ नका. आणि भंगारवाला परत आला तर त्याला दुसरं काहीतरी द्या, रिकामा पाठवू नका. असल्या वस्तू पुढच्या वेळी आधी त्याच्याच हाताला लागतात.