‘देवाकडे परत या’ की ‘देवाला शरण जा’?

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती उपवासकाळासाठी, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांसाठी, प्रार्थनेचे मराठी पत्रक काढायचे आहे. विषय आहे संकटात, दुःखात सांत्वनासाठी आणि रक्षणासाठी देवाकडे पुन्हा जाणे. मथळ्यात ‘पश्चात्ताप करा’, ‘देवाला शरण जा’ आणि ‘देवाकडे परत या’ यांपैकी काय शोभेल?

माझे मत ‘परत या’ला.

‘पश्चात्ताप’ चुकीचा नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावताना तोच शब्द कानी पडतो. पण त्याची घडण पाहा: पश्चात् अधिक ताप. (म्हणून त्यात त्त हवा. ‘पश्चाताप’ इतका सर्रास छापला जातो की आता बरोबर लिहिलेलेच डोळ्यांना खटकते.) केल्यावर मागाहून होणारी ही जळजळ आहे. ती सोसत माणूस आयुष्यभर एकाच जागी बसू शकतो. त्याच बुधवारी बायबलातल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला उतारा वाचतात, तो मात्र जागचे उठायला सांगतो. तिथले हिब्रू क्रियापद ‘शूव’ अगदी रोजच्या वापरातले आहे. वाटेत माघारी फिरणे, घरी परतणे, यालाही तेच. मराठी बायबलात तिथे ‘वळा’ आहे. ‘वळा’मध्ये नुसती दिशा कळते. ‘परत या’ म्हटले की ते घर आपलेच होते, हेही त्यात आले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचरित्राच्या, पंधराव्या अध्यायातली, बापाकडून मिळालेला वाटा उधळून बसलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट उपवासकाळात वाचली जाते. तो घराकडे निघतो ते पोटात भूक असते म्हणून. बापाच्या मोलकऱ्यांनाही पोटभर भाकरी मिळते हे त्याला आठवते. मराठी अनुवादात त्या क्षणी तो ‘शुद्धीवर’ येतो. मूळ ग्रीकमध्ये ‘स्वतःपाशी आला’ अशा अर्थाचे शब्द आहेत, पण ‘शुद्धीवर’ मला फार आवडते. दारूची, तापाची, पैशाची, कसलीही धुंदी उतरलेली त्यात दिसते. ‘मी पाप केले’ हे वाक्य तो जुळवतो ते भाकरी आठवल्यानंतर. तेव्हा सांत्वनासाठी देवाकडे जाणे म्हणजे कमी दर्जाची भक्ती, असे कोणी म्हणाले तर ही गोष्ट पुढे करावी.

आता ‘शरण’. आज हा शब्द ऐकला की किल्ला पडला, सैन्य शरण आले, असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. शरण जाणारा हरलेला असतो. संस्कृतात मात्र ‘शरण’ म्हणजे आसरा, निवारा, चक्क घरसुद्धा. ‘बुद्धं शरणं गच्छामि’ म्हणणारा पराभव कबूल करत नसतो, तो आसऱ्याला जात असतो. वारकऱ्यांच्या तोंडीही शब्दाचा हा ओलावा टिकून आहे. पत्रकाच्या मजकुरात तो जरूर वापरा. मथळ्यात एकटा टाकला तर वाचणाऱ्याला आधी तलवार खाली ठेवणारा शिपाई दिसेल.

रक्षणासाठी शब्द हवा असेल तर बायबलातले एक्याण्णवावे स्तोत्र उघडा. ‘आश्रय’ आणि ‘दुर्ग’ तिथे आहेतच, पण चौथ्या ओवीत देव ‘पाखर घालील’ असे आहे. पाखर म्हणजे पिलांवर पसरलेले पंख. ‘मायेची पाखर’ आपण म्हणतोच. हत्ती-घोड्यांना युद्धात घालायच्या चिलखतालाही पाखरच म्हणत. त्याच ओवीत पुढे ढाल आणि कवच येतात. ऊब आणि बचाव दोन्ही एका शब्दात बसवणारा हा अनुवादक मराठीत मुरलेला असणार.

हे स्तोत्र या काळाशी जुने जोडलेले आहे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारच्या जुन्या लॅटिन उपासनेत प्रवेशगीतापासून त्याच्याच ओव्या गात. त्या दिवशीचे शुभवर्तमान येशूच्या अरण्यातल्या परीक्षेचे, आणि गंमत म्हणजे तिथे सैतानही याच स्तोत्राचा दाखला देतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू नकार देतो. पत्रकात रक्षणाबद्दल लिहिताना हा प्रसंग घ्यावा, नाहीतर पाखर म्हणजे अपघातविमा वाटायचा.

काळाचे नाव ‘उपवासकाळ’ ठेवा किंवा ‘प्रायश्चित्तकाळ’, मराठी ख्रिस्ती वाचकांना दोन्ही कळतात. कोकणीत ‘करेज्म’ म्हणतात. ते पोर्तुगीजमधून आले आणि मुळात लॅटिन ‘चाळिसावा’. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस 46 भरतात, मधले 6 रविवार वगळले की 40.

राहिले विभक्तीचे. ‘देवाकडे परत या’, ‘देवाला शरण जा’, ‘देवाचा आश्रय घ्या’ असे लिहावे. ‘देवाकडे शरण जा’ हे अलीकडे दिसते, ते टाळा. आणि प्रार्थनेत देवाला ‘तू’च म्हणा. ‘आम्ही आपल्या आश्रयाला आलो आहोत’ हे सरकारी अर्जातले वाक्य वाटते.